वकिलाने घेतलेली अरबीची पदवी

बारावीची परीक्षा आणि रमजान यंदा एकत्रच आले. सहरीला उठलेली मुले फजरच्या नमाजनंतर पुन्हा झोपत नाहीत, पुस्तक उघडून बसतात. अशाच एका मुलीचे वडील परवा इफ्तारीनंतर माझ्याकडे आले. बसस्टँडजवळ त्यांचे टायरचे दुकान आहे. मुलीने घरात सांगून टाकले होते की बारावीनंतर ती हैदराबादला जाऊन अरबी विषयात पदवी घेणार. वडिलांना राग आला नव्हता, ते बुचकळ्यात पडले होते. अरबी तर तिने आठव्या वर्षीच मौलवीसाहेबांकडे शिकून संपवली, कुरआन तीन वेळा वाचून झाले, मग त्याची पदवी कशाला? त्यापेक्षा इथेच बी.ए. करावे, पुढे वकिली करावी, असे त्यांचे म्हणणे. मी तिला समजवावे, अशी त्यांची अपेक्षा होती.

मी समजावले नाही. त्यांना एका वकिलाची हकीकत सांगितली. तीच या पानाच्या वाचकांनाही सांगतो.

दारव्ह्याच्या न्यायालयात ज्यांचे येणेजाणे आहे त्यांनी वकिलांच्या कपाटात दोन नावे पाहिली असतील. मुस्लिम वारसाहक्क, मेहर, तलाक, वक्फ असा काही दावा आला की ही दोन पुस्तके खाली उतरतात. एक मुल्ला आणि दुसरे फैजी. नावावरून दोघेही दाढीवाले मौलवी असावेत असे वाटते. पण मुल्ला म्हणजे दिनशा फरदूनजी मुल्ला, मुंबईचे पारशी गृहस्थ. आणि फैजी म्हणजे आसफ अली असगर फैजी. ते मुसलमान होते खरे, पण मौलवी मुळीच नव्हते. सुटाबुटातले बॅरिस्टर होते.

फैजींचा जन्म १८९९ सालचा, माथेरानचा. घराणे सुलेमानी बोहरा. आपल्याकडे यवतमाळ-अमरावतीच्या बाजारात बोहरी दुकाने दिसतात ती बहुतेक दाऊदी बोहरांची. सुलेमानी ही त्यांच्यापासून सोळाव्या शतकाच्या शेवटी वेगळी झालेली छोटी शाखा. संख्येने मूठभर, पण मुंबईच्या सार्वजनिक जीवनात तिचा दबदबा मोठा. १८८७ साली काँग्रेसच्या मद्रास अधिवेशनाचे अध्यक्ष झालेले न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी याच गोतावळ्यातले. घरात इंग्रजी होती, शिक्षण होते, मुलींनाही शिकवण्याची रीत होती. आसफ सेंट झेवियर्समध्ये शिकले आणि मुंबईतच कायदा शिकले. इथवर सगळे आमच्या टायरवाल्या भाईंना पटेल असेच.

पुढे मात्र त्यांनी वेगळे केले. केंब्रिजला जाण्याची संधी मिळाली. त्या काळात मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या हुशार मुलांचे रस्ते ठरलेले असत, बॅरिस्टरी नाहीतर आयसीएस. फैजींनी बॅरिस्टरी सोडली नाही, पण केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात पदवीसाठी विषय घेतला तो अरबी आणि फारसीचा. घरात ज्या भाषेत दुआ मागितली जाते ती भाषा शिकायला सात समुद्र ओलांडून इंग्रजांच्या विद्यापीठात जायचे, हे आजही अनेकांना उलटे वाटेल. पण केंब्रिजमध्ये अरबीचे अध्यासन १६३२ पासून आहे. फैजी तिथे होते तेव्हा त्या अध्यासनावर ब्राउन होते. हा माणूस मूळचा डॉक्टर. शाळकरी वयात रशिया-तुर्कस्तान युद्धाच्या बातम्या वाचून तुर्कीच्या प्रेमात पडला आणि त्या ओढीने फारसी-अरबीपर्यंत पोहोचला. त्यांच्याच जोडीला निकल्सन होते, मौलाना रूमींच्या मसनवीची शुद्ध प्रत तयार करण्यात बुडालेले. अशा वातावरणात फैजींनी परीक्षा दिली आणि पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले.

आता थोडे थांबून सांगायला हवे की मदरशातली किंवा मशिदीतली अरबी आणि विद्यापीठातली अरबी यांत फरक काय. आपली मुले लहानपणी जे शिकतात त्याला नाझरा म्हणतात, म्हणजे पाहून बिनचूक वाचणे. उच्चार शुद्ध होतो, अर्थ कळतोच असे नाही. सध्या रोज रात्री तरावीहच्या नमाजमध्ये कुरआनचे पठण चालू आहे. महिनाभरात पूर्ण कुरआन ऐकून होईल. मागे उभे राहणाऱ्यांपैकी किती जणांना ऐकलेल्या आयतीचा अर्थ कळतो, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. मी स्वतः एम.ए. करताना व्याकरणाच्या भीतीने अरबी टाळली आणि उर्दू घेतली, म्हणून दुसऱ्यांना बोल लावण्याचा मला अधिकार नाही.

व्याकरणाची भीती वाटते, पण त्यातली गंमत मराठी माणसाला लवकर कळते. अरबीत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या मुळातून फुटतात. ह, क, म या तीन अक्षरांतून हुकूम निघतो, हाकीम निघतो, हकीम निघतो, हुकूमत निघते. व, र आणि जिभेवरचा थ यांतून वारस आणि विरासत, आणि आपल्या गावगाड्यातली मिरासही तिथलीच. मिरासदार म्हणजे वारशाने जमीन धरणारा. व, क, फ या अक्षरांत उभे राहण्याचा, थांबण्याचा अर्थ आहे. त्यातून वक्फ आला, म्हणजे जी मिळकत आता विक्रीबाहेर थांबवली ती. आणि वाकबगार हा शब्दही त्याच घरातला. तहसील, तालुका, जिल्हा, महसूल, वकील, दावा, कायदा, खरीप, रब्बी. दारव्ह्याचा शेतकरी सातबाऱ्याच्या कामाला तहसील कचेरीत जातो तेव्हा निम्मी अरबी तो बोलूनच येतो.

फैजी मुंबईला परतले आणि १९२६ पासून उच्च न्यायालयात वकिली करू लागले. इथे त्यांच्या पदवीचा खरा उपयोग सुरू झाला. तो समजण्यासाठी इंग्रजी अमदानीत मुसलमानांचा कायदा न्यायालयात कसा चाले ते पाहावे लागेल.

हनफी कायद्याचा मोठा ग्रंथ हिदाया. बाराव्या शतकातल्या मर्गीनानी नावाच्या विद्वानाने तो अरबीत लिहिला. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात इंग्रज न्यायाधीशांना तो हवा होता. कलकत्त्यात मौलवींकडून आधी त्याचे फारसीत भाषांतर करून घेतले गेले, आणि त्या फारसीवरून चार्ल्स हॅमिल्टनने इंग्रजी केले. ते १७९१ मध्ये छापले. म्हणजे भाषांतराचे भाषांतर. पुढची शे-दीडशे वर्षे विधवेला घरातला वाटा किती, मुलीला शेतातला किती, नवऱ्याने दिलेले दान खरे की खोटे, असे प्रश्न या पुस्तकाच्या आधारे सुटत राहिले. ज्या न्यायाधीशासमोर हे पुस्तक असे त्याला मूळ ओळ उघडून पाहता येत नसे, आणि समोरच्या वकिलालाही बहुधा येत नसे.

याचे परिणाम कागदावरच राहिले नाहीत. वक्फचेच घ्या. आपल्या मुलाबाळांच्या निर्वाहासाठी वक्फ करणे हे मुस्लिम कायदेपंडित शतकानुशतके मान्य करत आले होते. इंग्रजांच्या प्रिव्ही कौन्सिलने १८९४ मध्ये अबुल फता खटल्यात ते बेकायदा ठरवले, कारण दान म्हणजे गरिबांना दिलेले, असा इंग्रजी अर्थ त्यांच्या डोक्यात होता. कलकत्त्याचे न्यायमूर्ती अमीर अली यांनी त्याआधीच अरबी ग्रंथ समोर ठेवून दुसरे मत मांडले होते, ते मानले गेले नाही. शेवटी १९१३ साली कायदा करून ती चूक दुरुस्त करावी लागली.

फैजींच्या स्वतःच्या समाजाचा प्रश्न तर आणखी अवघड होता. बोहरा हे इस्माइली शिया. त्यांचा धर्मशास्त्राचा आधारग्रंथ दआइमुल इस्लाम, म्हणजे इस्लामचे खांब. दहाव्या शतकात उत्तर आफ्रिकेत फातिमी खलिफांचे राज्य होते. त्यांचे काझी नोमान यांनी खलिफा मुइझ यांच्या अमदानीत हा ग्रंथ लिहिला. पुढे फातिमींनी इजिप्त जिंकले, कैरो शहर वसवले, आणि दआइम तिथला राज्याचा कायदा झाला. ११७१ मध्ये सलाहुद्दीन अय्यूबी यांनी फातिमी सत्ता संपवली. राज्याबरोबर ग्रंथही तिथून गेले. ते उरले येमेनमध्ये आणि तिथून गुजरातेत आलेल्या बोहरांच्या घरांत, हाताने उतरवलेल्या पोथ्यांच्या रूपात, कापडात गुंडाळून, धर्मगुरूंच्या परवानगीशिवाय न उघडता. त्यामुळे एखाद्या बोहरा कुटुंबाचा मृत्युपत्राचा वाद मुंबईच्या न्यायालयात गेला तर त्यांचा स्वतःचा कायदा कोणता हे दाखवायला छापील पुस्तकच नव्हते. शिया म्हटले की बारा इमाम मानणाऱ्यांचे ग्रंथ पुढे येत आणि तेच सगळ्यांना लावले जात.

फैजी वकीलही होते आणि अरबीही वाचत होते. दोन्ही गोष्टी एकाच माणसात आल्या म्हणून पुढचे घडले. १९३३ मध्ये त्यांनी दआइममधल्या वसियतीच्या प्रकरणाचा मूळ अरबी पाठ इंग्रजी भाषांतरासह छापला. पुस्तक छोटे आहे, पण वाद ज्या प्रकरणावर होत होता तेच त्यांनी आधी उचलले. त्याच वर्षी मुंबईत इस्लामिक रिसर्च असोसिएशन ही संस्था निघाली. तिच्या संस्थापकांत फैजी होते आणि इव्हानोव्ह नावाचे रशियन विद्वानही होते. क्रांतीनंतर देश सुटलेला हा रशियन मुंबईत राहून इस्माइली पोथ्या वाचत होता. एक बोहरा वकील आणि एक निर्वासित रशियन मिळून मुंबईत अरबी पोथ्यांची अक्षरे लावत बसले आहेत, हे दृश्य मला फार आवडते.

१९३८ मध्ये फैजी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्यांच्या आधी, १९३५ पासून, त्या खुर्चीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. बाबासाहेबांची भाषानिवड आपल्याला ठाऊक आहे. शाळेत संस्कृत शिकायची होती, अस्पृश्य म्हणून शिकू दिली नाही, म्हणून त्यांनी फारसी घेतली आणि बी.ए.लाही फारसी ठेवली. एकाच महाविद्यालयाचे लागोपाठचे दोन प्राचार्य, एकाने फारसी नाइलाजाने घेतली, दुसऱ्याने अरबी-फारसी आपण होऊन निवडली.

प्राचार्यपदाबरोबर फैजींकडे न्यायशास्त्राचे पेरी प्राध्यापकपदही होते. हे पेरी म्हणजे मुंबईचे जुने सरन्यायाधीश अर्स्किन पेरी. १८४७ मध्ये त्यांच्यापुढे खोजा समाजातल्या मुलींचा खटला आला होता. कुरआनने मुलींना वडिलांच्या मिळकतीत वाटा दिला आहे, तो आम्हाला मिळावा, असे त्यांचे मागणे होते. पेरींनी समाजाची रूढी प्रमाण मानली आणि मुलींना वाटा नाकारला. १९३७ च्या शरियत कायद्याने वारशातली अशी रूढी बाजूला सारली, शेतजमीन मात्र त्या कायद्याबाहेर राहिली. पुढच्याच वर्षी पेरींच्या नावाच्या खुर्चीवर असा शिक्षक आला की जो कुरआनमधली वाट्याची आयत मूळ भाषेत वाचून कायद्याच्या वर्गात समजावू शकत होता. हे कथन मी टायरवाल्या भाईंना जरा सावकाश सांगितले.

१९४९ मध्ये त्यांचे मुस्लिम कायद्याचे प्रसिद्ध पुस्तक आले. त्याच्या सुरुवातीलाच त्यांनी शरियत आणि फिकह यांतला फरक उलगडला आहे. शरियत हा ईश्वराने दाखवलेला पूर्ण मार्ग, त्यात नमाज-रोजाही येतो आणि शेजाऱ्याशी वागणेही. फिकह म्हणजे माणसांनी बुद्धी लावून त्यातून काढलेले नियम. न्यायालय जो लावते तो या दुसऱ्याचाही एक तुकडा. वर्तमानपत्रांत आणि चावडीवर हे दोन शब्द आजही एकमेकांत मिसळले जातात आणि त्यावरून भांडणे होतात.

त्याच १९४९ साली भारत सरकारने त्यांना इजिप्तमध्ये राजदूत म्हणून पाठवले. कैरोत दूतावासाच्या कामातून वेळ काढून त्यांनी दआइमचा संपूर्ण पाठ छपाईला तयार केला. पोथीचे संपादन म्हणजे काय याची कल्पना बाहेरच्याला येत नाही. एकाच ग्रंथाच्या अनेक नकला जमवायच्या, प्रत्येक ओळ सगळ्या नकलांत ताडून पाहायची. अरबी लिपीत नुक्ता, म्हणजे टिंब, खाली पडले तर ब, वर दोन पडले तर त. नकलाकाराने टिंब विसरले की अर्थ फिरतो. कुठला पाठ खरा हे ठरवायचे आणि बाकीचे तळटीपेत प्रामाणिकपणे नोंदवायचे. पहिला खंड १९५१ मध्ये कैरोच्या दारुल मआरिफ या प्रकाशनाने छापला, दुसरा साठच्या सुमारास. ज्या शहरात तो ग्रंथ एकेकाळी राज्याचा कायदा होता आणि जिथून तो नाहीसा झाला होता, तिथेच जवळजवळ आठशे वर्षांनी माथेरानला जन्मलेल्या माणसाने तो छापून दिला. त्या पहिल्या खंडात नमाज आणि जकातनंतर रोजाचे प्रकरण आहे. फातिमी काळातल्या मुसलमानांचा रमजान कसा असे, हे आज जगात कोणालाही त्यातून वाचता येते.

पुढची कारकीर्द थोडक्यात. संघ लोकसेवा आयोगाचे सदस्य, १९५७ ते १९६० जम्मू-काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू, १९६२ मध्ये पद्मभूषण. १९६३ मध्ये इस्लामकडे आधुनिक दृष्टीने पाहण्याविषयीचे त्यांचे पुस्तक आले आणि उलेमांशी त्यांचे जमले नाही. धर्म कायम राहतो, कायदा काळाबरोबर बदलतो, तेव्हा दोन्ही वेगळे ओळखावेत, अशी त्यांची मांडणी होती. मला स्वतःला त्यातले सगळे पटत नाही. काही ठिकाणी ते फार घाईने पुढे जातात असे वाटते. पण त्यांच्याशी वाद घालायचा तर मूळ अरबी उघडून घालावा लागतो, एवढी सोय त्यांनी करून ठेवली आहे.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली जी फार जणांना जमत नाही. आयुष्यभर जमवलेल्या इस्माइली पोथ्या त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देऊन टाकल्या. ज्या पोथ्या पिढ्यान्‌पिढ्या कुलूपबंद होत्या त्या कोणत्याही विद्यार्थ्याला मागून वाचता येतील अशा जागी गेल्या. त्यांची सूची १९६५ मध्ये छापली गेली.

एवढे ऐकून भाईंनी सरळ प्रश्न केला, हे सगळे मोठ्या घरच्या मुलाचे झाले, माझ्या मुलीला नोकरी काय मिळेल? प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तरही सरळ दिले. अरबीची पदवी हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात, मौलाना आझाद उर्दू विद्यापीठात आणि इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठात होते. दिल्लीत जेएनयू आणि जामिया आहेत, शिवाय अलीगढ आहे, आणि आपल्या मुंबई विद्यापीठातही अरबीचा विभाग आहे. जेएनयूत पदवीला अगदी अलिफपासून सुरुवात करतात. आधीची अरबी लागत नाही, आणि वर्गात हिंदू मुलेही पुष्कळ असतात. काम मिळते ते भाषांतराचे, दुभाष्याचे, आखाती देशांशी व्यापार करणाऱ्या कंपन्यांत, आकाशवाणीच्या परदेशी सेवेत, मुंबईच्या रुग्णालयांत येणाऱ्या अरब रुग्णांसोबत, आणि पुढे नेट देऊन अध्यापनाचे. पण जागा मोजक्या आहेत. नुसती बोलण्यापुरती अरबी घेऊन उपयोग नाही, आणि एकट्या अरबीवर विसंबणेही धोक्याचे. फैजींच्या हातात कायदा होता म्हणून अरबी कामाला आली. मुलीने पदवीनंतर एलएलबी करावी, असे भाईंना वाटत असेल तर ते माझ्या मते चुकीचे नाही. फक्त क्रम तिला ठरवू द्यावा.

भाईंनी वसतिगृहाची फी विचारली. मुलींसाठी विद्यापीठाच्या आवारातच सोय आहे का, हेही विचारले. मी म्हटले, फोन करून कळवतो.

फैजी १९८१ च्या ऑक्टोबरात वारले. दआइमचे इंग्रजी भाषांतर त्यांनी हाती घेतले होते, ते अपुरे राहिले. इस्माईल पूनावाला या विद्वानांनी ते तपासून, पुरे करून २००२ आणि २००४ मध्ये दोन खंडांत दिल्लीहून प्रसिद्ध केले. मुखपृष्ठावर फैजींचे नाव आहे. मराठीत ते अजून कोणी केलेले नाही.